आवाजाचं टेबल

६ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईने ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, दिवसभराच्या गमती तुमच्या पोटात राहत नाहीत आणि कामावरून आल्यावर माझ्यात हसायचं त्राण नसतं. लिहून काढा." पूर्वी हे काम यांच्याकडे होतं. मी बोलायचे आणि हे पेपरामागून हुं हुं करायचे. आता हे नाहीत, तर वहीने हुं हुं करावं. अक्षराचं विचारू नका. गावच्या शाळेत बाई म्हणायच्या, तुझ्या पाटीवर मुंगळे मेलेत की तू लिहिलंयस?

तर गंमत अशी. आज आमच्या खेळण्यांच्या कारखान्यात तीन नव्या बाया आल्या. तिघींनाही जन्मापासून ऐकू येत नाही. त्या बदकांचे आणि कापडी अस्वलांचे डोळे रंगवणार. मी असते आवाजाच्या टेबलावर. रबरी बदक घ्यायचं, पोट दाबायचं, आतली शिट्टी चूं वाजली की उजव्या क्रेटमध्ये, नाही वाजली तर डावीकडे. न वाजणाऱ्याला आम्ही मौनी म्हणतो. इतकी वर्षं हेच करतेय, मी झोपेत उशी दाबून उजवीकडे टाकते असं हे सांगायचे. टेबल हॉलच्या बरोबर मधोमध आहे. तिथून सगळे दिसतात आणि सगळ्यांची चेष्टा करता येते. मला राज्य दिलं तरी ती खुर्ची सोडणार नाही.

मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. फोरमन माझ्याजवळ आला, धाडकन पाय आपटला आणि मग बोलला. ही त्याची जुनी खोड. माझ्याशी बोलायच्या आधी पाय आपटतोच. गुडघ्यात वात असणार. मी त्याला अधूनमधून चोळायला तेलाची बाटली देते. घेतो बापडा, मुकाट्याने. मी त्याचं नावच ठेवलंय, पाय-आपट्या.

मॅडम काय म्हणाल्या ते त्याने मला पुन्हा सांगितलं, कारण मॅडम तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. रोज जेवणानंतर एक बाई हातांची भाषा शिकवायला येणार, कोण शिकणार? सगळ्यात आधी माझा हात वर. नव्या बायांना कुणीतरी बोलायला नको का बिचाऱ्यांना? शिवाय पाय-आपट्याबद्दल त्याच्या पाठीमागे बोलता येईल. माझा हात बघून तो मॅडमकडे वळून हसला. कशाला हसला कोण जाणे.

८ फेब्रुवारी, बुधवार

हॉलभर दिवे लावलेत, नव्या बायांसाठी. जेवणाचा भोंगा वाजला की पिवळा दिवा उघडझाप करतो, आग लागली तर लाल. छान सोय आहे. कामाच्या नादात मला मेलीला भोंग्याचं भानच राहत नाही, पाना येऊन दंड धरून उठवायचा. पाना म्हणजे आमचा मशीन दुरुस्त करणारा, खिशात सदा पाना. आज मी सगळ्यांच्या आधी उठले. त्याला म्हटलं, "बघ पान्या, तुझी गरज संपली." तो काहीतरी म्हणाला. मी तोवर हसूनही घेतलं. टोमणा मारला की मी लगेच हसते, समोरच्याची वाट कोण बघत बसतंय?

सकाळच्या सभेत आता भिंतीवर पडदा आहे. जो जे बोलेल ते त्यावर आपोआप लिहून येतं. मला काही गरज नाही, पण वाचायला बरं वाटतं म्हणून खुर्ची जरा समोर ओढून घेतली. आणि काय सांगू! मला वाटायचं, फोरमन रोज तेच दळण दळतो, माल, वेळ, स्वच्छता. पण तो मधेमधे विनोद करतो! आज म्हणाला, "मोरीतला साबण कुणीतरी घरी नेलाय. नेणाऱ्याचे हात तरी आता स्वच्छ असू देत." मी खो खो हसले. सगळे वळून बघायला लागले, कारण त्यांचं हसून झालं होतं. पडदा लिहायला जरा वेळ लावतो.

१३ फेब्रुवारी, सोमवार

हातांच्या वर्गात मी पहिली. हे गर्वाने नाही लिहीत, शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितलं. आमच्यातले बाकीचे अजून 'पाणी' आणि 'जेवण' घोकतायत, मी तर नव्या बायांतल्या एकीशी गप्पासुद्धा मारायला लागले. तिला मी डोळेवाली म्हणते. तिशीची असेल. बदकाला असे डोळे काढते की बदक आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. तिचं तोंड, भुवया, गाल सगळं बोलतं. समोर बसलं की काही निसटत नाही. आमच्या हॉलमधल्या कितीतरी लोकांपेक्षा तिचं बोलणं मला जास्त कळतं. हल्ली लोक फार पुटपुटतात.

या लोकांत प्रत्येकाला हाताची एक खूण नाव म्हणून देतात. डोळेवालीने मला दिली. चार बोटं आणि अंगठा चोचीसारखे गालापाशी धरायचे आणि पटपट उघडमीट करायचे. बदक! मी बदकांच्या टेबलावर, म्हणून बदक. किती मानाने दिलं तिने. फक्त तिच्या दोघी मैत्रिणी इतक्या का हसत होत्या ते विचारायला हवं.

सूनबाईही अलीकडे प्रेमाने वागते. लांबून बोलत नाही. जवळ येते, दंडाला हात लावते, माझ्या डोळ्यात बघते आणि मग बोलते. काहीतरी मागायचं असणार.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानांतून बदकं परत आली. वाजत नाहीत म्हणे. पडद्यावर वाचलं तेव्हा मला हसू आलं. प्रवासात घसा बसला असेल त्यांचा. माझ्या हातून मौनी जाणं शक्य नाही. नव्या शिट्ट्या जरा मऊ वाजतात हे खरं, पण पोट दाबल्यावर बोटाला कळतंच ना, हवा निघाली की नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

आणखी परत आली. मॅडम स्वतः हॉलमध्ये आल्या. फोरमन म्हणाला, "मावशी, कुठेतरी चुकतंय. तपासणी करावी लागेल." मी म्हटलं, "कराच. शिट्ट्या बसवणाऱ्यांना सोडू नका. लागेल ती मदत मी करीन." त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. इतका भिडस्त माणूस फोरमन कसा झाला?

२२ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत डोळेवाली माझ्या टेबलापाशी आली. उजव्या क्रेटमधलं, म्हणजे मी पास केलेलं, एक बदक उचललं. हनुवटीखाली गळ्याला टेकवलं आणि दाबलं. मान हलवून बाजूला ठेवलं. दुसरं दाबलं, ते ठीक. मग परत एक बाजूला. असा बाजूला छोटा ढीग झाला, तेव्हा तिने पान्याला बोलावलं. पाना ढिगातलं एकेक बदक दाबत गेला आणि माझ्याकडे न बघता डावीकडे टाकत गेला.

मी तिला खुणेने म्हटलं, तुला ऐकू येत नाही, वाजतंय की नाही ते तुला काय कळणार?

तिने गळ्यावर बोटं ठेवली आणि थरथरवून दाखवली. नुसती हवा गेली तर थरथर नाही, शिट्टी वाजली तर आहे. मग माझ्याकडे बोट केलं आणि भुवया वर केल्या.

तुला ऐकू येतं?

हातांच्या बोलण्यात अहोजाहो नाही. सरळ येऊन लागतं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर गेले नाही. डोकं दुखतं असं कळवलं. डोकं दुखत नव्हतं.

२५ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाईला म्हटलं, "दारावरची बेल वाजव. मी सांगेन वाजली की." ती बाहेर गेली. मी घरात उभी. बराच वेळ झाला, मला वाटलं शेजारणीशी बोलत बसली असेल. दार उघडलं तर बेलवर बोट ठेवून उभी होती. म्हणाली, "आई, केव्हाची वाजतेय." मी भिंतीवरच्या बेलच्या डबीला हात लावला. डबी थरथरत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती माझ्या समोर आली, दंडाला हात लावला, डोळ्यात बघितलं. "दोनेक वर्षं झाली असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कितीदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, सूनबाई, जरा तोंड उघडून बोलत जा."

असं म्हणाले होते खरी.

मग दुपारभर एकेक करून सगळं उलगडत गेलं आणि मला इतका राग आला की उन्हात वाळत घातलेले कपडे मी ओलेच घडी करून ठेवले. भोंगा झाल्यावर पाना दंड धरून उठवायचा. सून हात लावून बोलते, तिला मागायचं बिगायचं काही नव्हतं. फोरमन पाय आपटतो तो जमिनीतून माझ्या तळपायाला कळावं म्हणून! सगळ्या हॉलला माहीत. ज्यांना मी दिवसभर बनवत होते ते सगळे मिळून मला सांभाळत होते. माझ्यासारख्या बाईची याहून मोठी चेष्टा कुणी केली नसेल.

एवढं झाल्यावर तेल आठवलं. त्याच्या गुडघ्याला तर काहीच झालेलं नाही. मग त्या बाटल्यांचं त्याने केलं काय?

२७ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्यांदा तेच विचारलं.

"दारांच्या बिजागऱ्यांना घालतो," फोरमन म्हणाला. "कारखान्यात एक दार कुरकुरत नाही, मावशी."

"ते मला कसं कळणार?"

तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मग मीच हसले, मग तोही. बरं वाटलं. त्याला म्हटलं, "पाय आपटणं बंद करू नका हं. आता सवय झालीय."

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. मॅडमचं म्हणणं, परत येणारा माल थांबला पाहिजे, म्हणून मला मागच्या खोलीत खोकी जोडायच्या कामावर घ्यावं. पगार तोच, काम हलकं, खिडकी आहे. मी जाऊन बघून आले. खोलीत पुठ्ठ्यांची चळत, डिंकाचं भांडं आणि एक स्टूल. माणूस नाही. तिथे मी कुणाला चिडवू? पुठ्ठ्याला?

फोरमनला म्हटलं, "त्या खोलीत घाला मला आणि वरून झाकण लावा. खोकंच आहे ते."

त्याने मॅडमकडे जाऊन थोडी मुदत मागून घेतली. पाना मधेच तोंड घालून म्हणाला, "भोंग्याला दिवा लावता येतो, तर बदकाला का नाही?" मी त्याला आजपर्यंत बिनडोक म्हणायचे. तूर्तास म्हणणार नाही.

२ मार्च, गुरुवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कानयंत्र दिलं. घरी छान आहे. सूनबाईचा आवाज गोड आहे, हे मी विसरलेच होते. ती स्वयंपाक करताना गुणगुणते. बेसूर आहे, पण गोड.

हॉलमध्ये मात्र यंत्र कानाला लावलं की कंप्रेसर थेट डोक्यात शिरतो. बदकाची चूं त्या घरघरीत कुठच्या कुठे बुडते. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, गोंगाटात हे यंत्र फार कामाचं नाही म्हणून. टेबलावर बसताना काढून डबीत ठेवते.

३ मार्च, शुक्रवार

पान्याने डबा आणला! वर एक छोटा दिवा आणि जाळी लावलेला त्याचा कान. टेबलावर ठेवायचा, शेजारी बदक दाबायचं. चूं ऐकली की दिवा हिरवा, नाही ऐकली तर काळोख. कंप्रेसरची घरघर त्याने गाळून टाकलीय, नुसत्या उंच आवाजाला तो भुलतो. दिवसभर हिरवं, हिरवं, हिरवं. एकही मौनी नाही! शिट्ट्यावाल्यांनी कसं काम सुधारलंय बघा. मी इतकी खूश की शेजारच्या रांगेतल्या प्रत्येकाची वेगळी चेष्टा केली, फोरमनच्या टोपीची तर दोनदा. खोकी जोडायला आता दुसरी शोधा म्हणावं.

६ मार्च, सोमवार

मेले. शुक्रवारच्या मालातली मूठभर बदकं फोरमनने सहज दाबून बघितली. त्यात मौनीच मौनी. इतकी तर माझ्या बहिऱ्या कानांनीसुद्धा कधी सोडली नव्हती.

पाना डबा उघडून बसला. तारा बघितल्या, दिवा बघितला, सगळं ठाकठीक. माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "काय बघतोस रे टकामका? बायको नाही का घरी बघायला?"

दिवा हिरवा झाला.

टेबलावर बदक नव्हतं.

पान्याने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मावशी, परत बोला."

"काय बोलू? माझं कपाळ?" हिरवा.

माझा आवाज! मी शुक्रवारी दिवसभर बोलत होते आणि डबा दिवसभर माझ्या आवाजाला पास करत होता. पाना जमिनीवर बसून हसला. फोरमन भिंतीला टेकला. त्याने सांगितल्यावर डोळेवालीने माझी नावाची खूण केली, गालापाशी पटपट उघडमीट, आणि मला तेव्हा कळलं की ते बदक नाही. बडबड आहे.

इलाज सोपा आहे, पाना म्हणतो. दाबताना गप्प बसायचं. सोपा!

७ मार्च, मंगळवार

गप्प बसले. डबा बरोबर चालला. एकही मौनी सुटलं नाही.

खुणेने बोलावं तर हातात बदकं. तोंडाने बोलावं तर हिरवा दिवा. शेजारच्या रांगेने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? फोरमनने येऊन कपाळाला हात लावून ताप बघितला. शिट्ट्यावाला उलटा सदरा घालून आला होता. शिवण बाहेर, मानेमागचं लेबल वर. दिवसभर माझ्यासमोरून फिरला. आणि मी गप्प!

असं काम करायचं तर ती पुठ्ठ्याची खोली काय वाईट?

९ मार्च, गुरुवार

डोळेवालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिचं गजराचं घड्याळ वाजतच नाही, उशीखाली ठेवलं की थरथरतं. घरातला नवरा झोपेतून उठत नाही, ती उठते. आपल्याला आवाज कशाला हवा, थरथर पकडा.

हे मी पान्याला सांगायला गेले तर तो आधीच डबा खोलून बसलेला. डब्याचा कान काढून टाकला. त्याऐवजी बटणाएवढी एक चकती घेतली, जी हवेतलं काही ऐकत नाही, तिला टेकलेलं थरथरलं तरच तिला कळतं. ती चकती चामड्याच्या गादीखाली बसवली. बदक गादीवर दाबायचं. पहिल्यांदा लावलं तर दिवा हिरवाच, विझेना. कंप्रेसरने टेबलच थरथरत होतं. मग गादीखाली स्पंजाचे थर घातले. भांडी घासायचे स्पंज, मोरीतले. फोरमनला उद्याच्या सभेला विषय मिळाला.

मी गादीसमोर बसून पाढे म्हटले, शिव्या दिल्या, अंगाईगीत म्हटलं. काळोख. बदक दाबलं. हिरवं. मौनी दाबलं. काळोख.

डोळेवालीला मिठी मारली. तिच्या ब्रशचा काळा ठिपका माझ्या गालावर आला. दिवसभर तसाच मिरवला.

१४ मार्च, मंगळवार

आज मॅडमसमोर परीक्षा. फोरमनने चांगल्या बदकांत मौनी मिसळली, तळाला खडूची खूण करून. मी तळ बघायचा नाही, नुसतं दाबायचं. मॅडम माझ्यासमोर बसल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. फोरमनने पाय आपटून सांगितलं, "त्या म्हणतात, नेहमीसारखं बोलत राहा."

बोलत राहा! मला हे आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मी सुरू झाले. फोरमनच्या टोपीत चिमणी राहते इथपासून. पान्याच्या लग्नात त्याने बायकोऐवजी मशीनला हार घातला असता इथपर्यंत. बदक दाबतेय, हिरवं, उजवीकडे. काळोख, डावीकडे. मग जीभ मॅडमकडे वळली, मला आवरेना. म्हटलं, "मॅडम, एक विचारू? तुम्ही बोलता तेव्हा ओठ हलवता की नुसताच विचार करता?"

पाना डब्यामागे लपला.

मॅडम आधी लाल झाल्या. मग पुढे वाकल्या आणि तोंड चांगलं उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मावशी, आता कळतंय?"

"आता कशा माणसासारख्या बोललात!" मी म्हटलं.

त्या हसल्या. फोरमनने क्रेट उलटे केले. खडूच्या खुणेची सगळी डावीकडे, बिनखुणेची सगळी उजवीकडे. टाळ्या झाल्या असाव्यात. डोळेवाली आणि तिच्या मैत्रिणींनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांच्यात तीच टाळी. ती टाळी मला सगळ्यात नीट कळली.

हे इथेच संपायला हवं होतं. पण मॅडम पुढे म्हणाल्या (आता सगळं कळतं, ही पंचाईतच), या टेबलाला आता कानांची गरज नाही. म्हणून डोळेवालीनेही अर्ज केलाय. मान दुखते तिची, दिवसभर वाकून डोळे काढून. दोघींचा विचार करू.

माझ्या खुर्चीवर! मलाच दिवा लावून देऊन माझ्याच खुर्चीवर!

१५ मार्च, बुधवार

डोळेवालीशी बोलले नाही. ती खुणा करत आली, मी हातातल्या बदकाकडे बघितलं. न बोलण्याची ही एक चांगली सोय आहे, नजर वळवली की झालं.

१६ मार्च, गुरुवार

दुपारी मी रंगाच्या कोपऱ्यात गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला लिहू? तिचं टेबल भिंतीला लावलेलं आहे. तोंड भिंतीकडे, पाठ हॉलकडे. तिच्या मागे ऐकू येणाऱ्या दोघी रंगारणी कशावर तरी हसत होत्या, अगदी पोट धरून. तिला ते उशिरा दिसलं. ती वळली, भुवया वर केल्या, काय झालं? एकीने हात झटकला. काही नाही, नंतर सांगते.

तो झटकलेला हात मी ओळखते. जेवताना मुलगा नि सून हसतात, मी विचारते, आणि मुलगा म्हणतो, काही नाही आई, नंतर सांगतो. ते नंतर कधी येत नाही.

भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या बाईला हॉलच्या मधली खुर्ची कशाला हवी, हे मला आणखी कुणी समजवायला नको.

मी तिचं स्टूल उचललं. रिकामं नव्हतं, ती त्यावर होती, म्हणून आधी तिला उठवलं. स्टूल ओढत हॉलच्या मधोमध आणलं आणि माझ्या टेबलाच्या पलीकडे, माझ्या बरोबर समोर ठेवलं. फोरमन धावत आला, पाय आपटायचंसुद्धा विसरला.

"मावशी, हे काय?"

"एक गादी अजून लावायला सांगा पान्याला. कापडी अस्वलांच्या शिट्ट्या मागे पॅकिंगवाले घाईघाईत दाबून बघतात, ती अस्वलं इकडे पाठवा. बदकं मी, अस्वलं ती. भिंत रंगवायला दुसरं कुणीतरी बघा."

"मॅडमना विचारायला लागेल."

"विचारा ना. आता त्या बोलतात चांगल्या."

२० मार्च, सोमवार

मॅडम हो म्हणाल्या. दोन्ही गाद्या लागल्या. डोळे रंगवायचं काम आता दोन-दोन तासांनी आलटून पालटून बाकीच्या रंगारणी करणार, म्हणजे कुणाचीच मान दुखायला नको. सकाळी डोळेवाली समोर येऊन बसली.

आता अडचण अशी की दोघींच्या हातात खेळणी. बोलायचं तर खेळणं खाली ठेवावं लागतं, म्हणून फोरमनने पहिल्याच तासाला दम दिला. एकही आवाज न करता गोंगाट केल्याबद्दल ओरडा खाणारी मी या कारखान्यातली पहिली बाई असणार.

तिला मी पहिला टोमणा मारला. अस्वल दाबताना ती जीभ बाहेर काढते. मी खुणेने म्हटलं, जीभ आत घे, अस्वल घाबरतंय. आणि सवयीने लगेच हसले. ती हसली नाही. थांब, अशी खूण केली. अस्वल खाली ठेवलं, दोन्ही हात मोकळे केले आणि निवांतपणे म्हणाली, अस्वल घाबरत नाही, त्याला डोळे मी काढलेत, त्याला सारखी तू दिसतेस आणि ते मदत मागतंय.

बसला! जो टोमणा बसला तो वरपासून खालपर्यंत, भुवईसकट, मला पूर्ण कळला. मी उत्तर द्यायला हात उचलले आणि हातात काहीच येईना. इतक्या वर्षांत मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. ती भुवया वर करून वाट बघत बसली, आगाऊ कुठली. पाना हसून हसून टेबलावरच्या गाद्यांवर पडला आणि दोन्ही दिवे हिरवे झाले.

उद्या वर्गात बाईंना 'आगाऊ'ची खूण विचारायची आहे. विचारतील, ही कशाला हवी? अभ्यासाला, म्हणेन. तोंड अगदी गरीब करून.